कॉलेजची वेबसाइट: लिहायला बसण्याआधी दोन दिवस ऑफिसच्या खिडकीपाशी बसा

प्रश्न असा आला आहे: "अनुदानित कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात मी सहायक प्राध्यापक आहे. प्राचार्यांनी यंदा वेबसाइटचे काम माझ्याकडे दिले. मजकूर जुना आहे, साइट सांभाळणारा व्हेंडर फोन उचलत नाही, नॅक (कॉलेजांचे राष्ट्रीय मूल्यांकन) दीड वर्षावर आली आहे. मजकूर कसा लिहावा आणि तो ताजा कसा ठेवावा?"

मॅडम, मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि आमच्या वेबसाइटचे काम चौदा वर्षे माझ्याकडे आहे. तुमच्या प्रश्नात प्राचार्य आहेत, व्हेंडर आहे, नॅक आहे. विद्यार्थी मात्र कुठे आला नाही. तुमचा दोष नाही, आपल्याला हे काम सोपवतात तेच तसे. पण उत्तराची सुरुवात मला तिथूनच करावी लागेल.

एका जुलैत बी.एस्सी.च्या प्रवेशासाठी एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. चाळीसेक किलोमीटरवरचे गाव, दिवसाला दोन एसट्या. खिडकीवरच्या क्लार्कने सांगितले, नॉन क्रिमीलेयरची मूळ प्रत लागेल. वडील म्हणाले, ही आमची तिसरी खेप. पहिल्यांदा टीसी राहिली होती, दुसऱ्यांदा गॅप सर्टिफिकेट. आमच्या वेबसाइटवर त्या वेळी "प्रवेशअर्जासोबत आवश्यक ती कागदपत्रे जोडावीत" एवढेच वाक्य होते, आणि ते मीच टाकले होते. त्या माणसाची तीन दिवसांची मजुरी माझ्या त्या एका वाक्यात बुडाली. तेव्हापासून कोणतेही पान लिहिताना मी तेच धरून चालतो: हे वाचून कोणाची तरी एक खेप वाचली पाहिजे.

म्हणून संगणकाला हात लावण्याआधी प्रवेशाच्या दिवसांत दोन दिवस वही घेऊन ऑफिसच्या खिडकीपाशी बसा. येणारा प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत उतरवा. बोनाफाईड किती दिवसांत मिळते? फी दोन हप्त्यांत भरली तर चालेल का? टीसीसाठी नो ड्यूजवर कोणाकोणाच्या सह्या लागतात? एटीकेटीचा फॉर्म इथे की विद्यापीठाच्या साइटवर? स्कॉलरशिपची प्रिंट कोणत्या टेबलावर? नॉन क्रिमीलेयर मागच्या वर्षीचे चालेल का? वही भरत आली की लक्षात येते, तेच पंधरा-वीस प्रश्न फिरून फिरून येताहेत. तुमच्या वेबसाइटची पहिली पंधरा-वीस पाने हीच. "आमच्याविषयी", संस्थेचा इतिहास, प्राचार्यांचे मनोगत हे सगळे असू द्या, पण मोबाइल उघडल्यावर पहिल्या नजरेत ते नको. प्रवेश, फी, शिष्यवृत्ती, परीक्षा, दाखले आणि ऑफिसची वेळ व फोन या सहा गोष्टी तिथे हव्यात. आणि फोन असा द्या की जो खरोखर उचलला जातो. प्राचार्यांच्या केबिनमधला लँडलाइन देऊन काही उपयोग नाही.

आता भाषा. आपल्या सूचनांची भाषा सरकारी परिपत्रकातून आली आहे आणि ती जशीच्या तशी वेबसाइटवर चढते. एक नमुना बघा:

"सर्व संबंधित विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की, उपरोक्त योजनेंतर्गत पात्र विद्यार्थ्यांनी विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित मुदतीत कार्यालयात सादर करावेत. मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार केला जाणार नाही."

यात तारीख नाही, योजना कोणती ते नाही, पात्र कोण ते नाही. हीच सूचना आम्ही आता अशी लिहितो:

"ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी विद्यार्थ्यांसाठी (पदवीची तिन्ही वर्षे). महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा आणि त्याची प्रिंट शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५ पर्यंत खिडकी क्रमांक ३ वर द्या. वेळ सकाळी ११ ते ४. सोबत झेरॉक्स: उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, फीची पावती, आधार जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक. अर्ज दुरुस्तीसाठी परत आला असेल तर घाबरू नका, चूक दुरुस्त करून तोच पुन्हा पाठवा. अडचण आली तर याच खिडकीवर विचारा."

कोणासाठी, काय करायचे, कधीपर्यंत, कुठे आणि सोबत काय. या पाचांतले एक जरी राहिले तरी सूचना अपुरी समजा आणि टाकू नका, मग ती कोणाच्याही सहीची असो. तारखेसोबत वार आणि वर्ष दोन्ही लिहा. वर्ष नसलेली "३० जून" ही तारीख पुढची तीन वर्षे गूगलमधून मुलांना सापडत राहते.

नेमकेपणाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण यात आपण सगळेच घसरतो. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला तेव्हा बऱ्याच कॉलेजांच्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत "मुलींना मोफत शिक्षण" अशी पट्टी फिरू लागली. निर्णयात अटी होत्या: व्यावसायिक अभ्यासक्रम, केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला प्रवेश, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत, आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी या प्रवर्गांतल्या मुली. त्यांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात आधी ५० टक्के सवलत होती, ती १०० टक्के झाली. पट्टी वाचून साध्या बी.ए.ला प्रवेश घ्यायला आलेल्या मुलीच्या आईला खिडकीवर फी सांगितली की तिला वाटते, कॉलेज आपल्याला फसवते आहे. योजनेचे पान लिहिताना वर्तमानपत्राचा मथळा उचलू नका. शासन निर्णय उघडा, अटी साध्या मराठीत लिहा आणि "या सवलतीत काय येत नाही" असा वेगळा परिच्छेद द्या. लोक तोच परिच्छेद सर्वांत जास्त वाचतात.

कायद्याने काय काय टाकावे लागते त्याची यादी तुमच्या आयक्यूएसीकडे (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडे) असेल. अनुदानित कॉलेजला माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खालच्या १७ बाबी स्वतःहून जाहीर कराव्या लागतात. विद्यार्थी तक्रार निवारणाचे यूजीसीचे २०२३ चे विनियम सांगतात की प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी माहितीपत्रक वेबसाइटवर हवे, त्यात जागा, फी, पात्रता आणि फी परतीचे नियम हवेत. याच विनियमांत माहितीपत्रकातली खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती हे तक्रारीचे कारण धरले आहे. म्हणजे मागच्या वर्षीचा फी-तक्ता तसाच राहिला तर विद्यार्थी त्यावर रीतसर दाद मागू शकतो. हे प्राचार्यांना एकदा दाखवा, फीच्या पानाकडे लक्ष देणारी माणसे लगेच वाढतात.

या यादीतल्या एका पानावर मात्र मला थांबायचे आहे. समित्यांचे पान. अंतर्गत तक्रार समिती, रॅगिंगविरोधी समिती, विद्यार्थी तक्रार निवारण समिती. ही पाने आपण नॅकसाठी करतो आणि नंतर बघत नाही. मी पाहिलेल्या एका कॉलेजच्या वेबसाइटवर अंतर्गत समितीच्या अध्यक्ष म्हणून ज्या मॅडमचे नाव आणि नंबर होता, त्या निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. एका मुलीने रात्री त्या नंबरवर फोन केला. मॅडमनी फोन घेतला, तिचे सगळे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कॉलेजात येऊन सांगितले, म्हणून बरे झाले. नंबर बंद लागला असता तर त्या मुलीने दुसऱ्यांदा फोन केला असता का? लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यानुसार समितीवरची नेमणूक जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, म्हणजे हे पान बदलणार हे आधीच ठाऊक आहे. दर सत्राच्या पहिल्या आठवड्यात त्या पानावरचा प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा. नुसता वाचून नाही, लावून. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ठळक टाका, आणि "तक्रार केल्यावर काय होते, नाव गुप्त राहते का" हे चार वाक्यांत मराठीत लिहा. इंग्रजीतली पंचवीस पानी नियमावली त्या मुलीच्या कामाची नाही.

नॅकसाठी एवढे लक्षात ठेवा: एक्यूएआर (नॅकचा वार्षिक अहवाल) आणि एसएसआरमध्ये (मूल्यांकनाआधीच्या स्वयं-अध्ययन अहवालात) तुम्ही जी लिंक देता, ती लिंक म्हणजे तुमचा पुरावा. लिंक मेली की पुरावा मेला. आम्ही एकदा वेबसाइट नव्याने करून घेतली, दिसायला छान झाली, आणि नव्या माणसाने जुन्या फोल्डरची नावे बदलली. आधीच्या चार वर्षांच्या एक्यूएआरमधल्या लिंका एका रात्रीत बंद. पुढे डीव्हीव्हीत (नॅकच्या माहिती-पडताळणीत) स्पष्टीकरण मागितले तेव्हा आम्ही तिघे जण आठवडाभर जुन्या फायली शोधत बसलो. तेव्हापासून नियम केला: सादर केलेल्या कागदाचा पत्ता कधीही बदलायचा नाही, साइट बदलली तरी जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप जाण्याची सोय व्हेंडरकडून लेखी मागायची. वर्ष आणि निकष दिसेल असे फाइलचे नाव द्या, "न्यू नोटीस फायनल २" असे नको. आणि कुठलाही पुरावा एखाद्या प्राध्यापकाच्या वैयक्तिक गूगल ड्राइव्हवर ठेवू नका. सर बदलून जातात, जागा भरते म्हणून फोल्डर काढून टाकतात, आणि नॅकच्या माणसाला "परवानगी मागा" असा पडदा दिसतो. कॉलेजच्या नावाचे खाते उघडा आणि सगळे तिथे ठेवा.

स्कॅन केलेल्या पीडीएफबद्दल तुम्हाला सगळेच सांगतील, पण कारण कोणी सांगत नाही. सही-शिक्क्याची सूचना मोबाइलने फोटो काढून चढवली की ती फक्त चित्र असते. गूगलला त्यातली तारीख नीट मिळत नाही, दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या मोबाइलमधले मजकूर वाचून दाखवणारे ॲप गप्प बसते, आणि गावाकडच्या नेटवर पंधरा एमबीची फाइल फिरत राहते. सहीची प्रत लागते हे मान्य, ती जोडा. पण त्याच पानावर सूचनेचा मजकूर टाइप करूनही द्या. तो युनिकोडमध्येच (कुठल्याही मोबाइलवर दिसणाऱ्या अक्षरांत) हवा. आपल्या ऑफिसात अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप होते, ते वेबसाइटवर चिकटवले की वाचणाऱ्याला चौकोन आणि भलतीच चिन्हे दिसतात. टाकणाऱ्याच्या संगणकावर तो फाँट असल्यामुळे त्याला सगळे ठीकच दिसते. म्हणून टाकलेले पान नेहमी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. ऑफिसच्या टायपिस्टला इनस्क्रिप्ट (युनिकोडचा मराठी कीबोर्ड) शिकायला वेळ द्या. आमच्या टायपिस्ट काकांना पंचावन्नाव्या वर्षी जमले, महिना लागला.

मराठी ठेवावी की इंग्रजी, हा वाद तुमच्याकडेही होईल. माझे मत स्पष्ट आहे: विद्यार्थी आणि पालक ज्यावर काही कृती करणार आहेत ती सगळी पाने आधी मराठीत, मग इंग्रजीत. नॅकचे कागद इंग्रजीत ठीक. मात्र मराठी पाने माणसाने लिहिलेली हवीत. भाषांतराचे बटण लावून काम भागवलेल्या साइटवर मी "अर्ज करा"च्या जागी "लागू करा" वाचले आहे, मुखपृष्ठाच्या जागी "घर" वाचले आहे, आणि बोनाफाईडचे "प्रामाणिक प्रमाणपत्र" झालेले पाहिले आहे. बोनाफाईडला बोनाफाईडच म्हणा. मुले "एफवाय", "टीवाय", "हॉल तिकीट", "रिव्हॅल्युएशन" असेच बोलतात आणि असेच शोधतात. "पुनर्मूल्यांकन" शीर्षकात असू द्या, पण पहिल्या वाक्यात रिव्हॅल्युएशनही येऊ द्या. परदेशी गेलेले माजी विद्यार्थी ट्रान्सक्रिप्टसाठी रात्री-अपरात्री ई-मेल करतात. कॉलेजकडून काय मिळते, विद्यापीठाकडून काय घ्यावे लागते, अधिकारपत्र देऊन भाऊ-बहीण कागद नेऊ शकतात का, एवढे एक पान इंग्रजी-मराठीत लिहून ठेवा. तुमचे ऑफिस तुम्हाला आशीर्वाद देईल.

गुणवत्ता यादी लावताना हात आवरा. अर्ज क्रमांक, नाव, प्रवर्ग आणि गुण यापलीकडे काहीही नको. संगणकातून निघालेली एक्सेल तशीच चढवली की जन्मतारीख, मोबाइल, आधारचे आकडे सगळे जगजाहीर होते, आणि मुलींना अनोळखी फोन सुरू होतात. मी हे घडलेले पाहिले आहे. प्रवेश संपले की यादी सार्वजनिक पानावरून काढा, प्रत ऑफिसात ठेवा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आता याला कायद्याची बाजूही आली आहे. तसेच गरजू मुलांना गणवेश, सायकल, पुस्तके दिल्याचे फोटो. देणगीदाराचे नाव जरूर द्या. मुलाचा चेहरा आणि त्याच्या नावापुढे "गरीब" असा शब्द देऊ नका. तो मुलगा उद्या नोकरीच्या मुलाखतीला जाईल, आणि कोणी त्याचे नाव शोधले की पहिले तेच येईल.

कार्यक्रमांचे अहवाल हा थोडक्यात सांगण्याचा विषय. "कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला" हे वाक्य काढून टाका, बाकी अहवाल आपोआप सुधारतो. तारीख, विषय, किती विद्यार्थी, त्यांनी काय केले, एक-दोन जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो. आठ ओळी पुष्कळ झाल्या.

आता ताजे कसे ठेवावे. यात मी पहिली पाच वर्षे चुकलो, सगळे स्वतः करत बसलो. ग्रंथालय सांभाळून एका माणसाला हे झेपत नाही आणि झेपू नयेही. प्रत्येक पानाला एक मालक ठरवा: फीचे पान लेखापालांचे, शिष्यवृत्तीचे त्या टेबलावरच्या क्लार्कचे, विभागाचे पान विभागप्रमुखांचे. पानाच्या तळाशी "शेवटची तपासणी" ही तारीख आणि पद लिहा, व्यक्तीचे नाव नको, माणसे बदलतात. तुमचे काम मजकूर गोळा करणे नाही, मालकाला आठवण करून देणे आणि आलेला मजकूर वाचण्याजोगा करणे. प्राचार्यांकडून या वाटणीचे कार्यालयीन आदेश काढून घ्या, तोंडी वाटणी पहिल्या महिन्यानंतर टिकत नाही.

आठवणींचे वेळापत्रक कॉलेजच्या वर्षाला बांधा. बारावीच्या निकालाआधी प्रवेश आणि फीची पाने, वर्ग सुरू होताना समित्या आणि वेळापत्रक, पावसाळा सरता सरता शिष्यवृत्ती, सत्रपरीक्षांआधी परीक्षेची पाने, एक्यूएआरच्या आधी सगळ्या लिंका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा नवा आराखडा संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाल्यापासून विषय-निवडीचे पान दर सत्राला बघावे लागते. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह यांतला फरक तुमच्याच विषयांची उदाहरणे देऊन लिहा, कारण पालकांना तो कुठेच नीट सापडत नाही. आणि लिहिण्याइतकेच काढणे महत्त्वाचे. तीन वर्षांपूर्वीच्या सूचनेपुढे लुकलुकणारे "नवीन" तसेच राहिले की आजच्या सूचनेवरही कोणी विश्वास ठेवत नाही. मुदत संपलेली सूचना जुन्या सूचनांच्या कप्प्यात गेली पाहिजे, आणि सरकती पट्टी तर बंदच करा. तारीख वाचेपर्यंत ती निघून जाते.

व्हेंडर फोन उचलत नाही म्हणता, तर या आठवड्यात एक गोष्ट तपासा: डोमेन कोणाच्या ई-मेलवर नोंदवले आहे. एसी डॉट इन किंवा एज्यु डॉट इन असेल तर नोंदणी अर्नेट इंडियाकडे असते. तिथला संपर्क व्हेंडरचा असेल तर तो कॉलेजच्या अधिकृत ई-मेलवर आणा. पासवर्ड प्राचार्यांकडे बंद पाकिटात असावा. महिन्यातून एकदा गूगलवर कॉलेजचे नाव आणि पुढे जुगार, कॅसिनो असे शब्द टाकून बघा. दुर्लक्षित शैक्षणिक साइटमध्ये असली पाने कोणीतरी घुसवून ठेवते, आपल्याला मुखपृष्ठावर काही दिसत नाही, पण गूगलमधून येणाऱ्या पालकाला ती दिसतात. असे काही सापडले तर पाने पुसून थांबू नका. पासवर्ड बदला, साइटची सगळी सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्या, आणि पुढच्या वार्षिक देखभाल करारात आठवड्याच्या बॅकअपची अट घाला.

शेवटी तुमचे लिहिलेले बरोबर झाले की नाही हे कसे कळेल. कमवा आणि शिका योजनेतली दोन-तीन मुले मदतीला घ्या, शक्यतो पहिल्या वर्षाची, ज्यांना कॉलेज अजून नवीन आहे. त्यांच्याच मोबाइलवर साइट उघडायला सांगा आणि एक काम द्या: "तुझ्या बहिणीला बी.कॉम.ला प्रवेश घ्यायचा आहे, फी किती आणि कागद कोणते ते मला सांग." मग शेजारी बसा आणि काही बोलू नका. बोट कुठे अडते, कोणत्या शब्दावर मूल थांबते, कुठे मागे फिरते ते वहीत लिहा. मागच्या वर्षी आमच्याकडे तीनही मुले "शुल्क संरचना" या शब्दापाशी अडली. आम्ही तिथे "फी किती?" लिहिले. यंदा जूनमध्ये फी विचारायला खिडकीवर येणारी रांग मला बरीच लहान दिसली.